ऊर्जा नष्ट होत नाही, मग बिल कसलं?

शाळेच्या विज्ञानात ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम असतो. ऊर्जा नव्याने निर्माण होत नाही, असलेली नष्ट होत नाही, ती फक्त रूप बदलते. परीक्षेत हा नियम हमखास येतो, त्यामुळे पोरं तो पाठ करतात, पेपरात ओततात आणि हात झटकून मोकळी होतात. आमच्या मामांनी तो साठी उलटल्यावर, नातीचा अभ्यास घेताना, अर्थ लावून वाचला आणि घरात कटकटीला सुरुवात झाली. मामांचा उभा जन्म बँकेत गेला. जमेची आणि खर्चाची बाजू जुळल्याशिवाय त्यांना घास उतरत नाही. ऊर्जा नष्टच होत नाही म्हणता, मग दर महिन्याला बिल कसलं येतं, हे त्यांनी आधी नातीला विचारलं, मग मला, आणि दोघांकडून समाधान न झाल्यामुळे थेट वीजबिल भरण्याच्या खिडकीवर.

“तुम्ही लिहिलंय, वापरलेले युनिट ३१२. वापरले म्हणजे संपले का?”

“नाही काका, संपत नसतात,” खिडकीपलीकडचा तरुण म्हणाला. बहुधा बीएस्सी असावा.

“मग आहेत कुठे?”

“तुमच्याच घरी असतील.”

“माझ्याच घरी आहेत, तर पैसे कसले घेता?”

त्याने मामांच्या मागच्या रांगेकडे एक नजर टाकली. “काका, पैसे तरी कुठे नष्ट होतात? तुमच्या खात्यातून आमच्या खात्यात येतात. रूपांतर होतं. पुढचे या.”

मामा घरी आले ते या उत्तरावर जाम खूश होऊन. पण खूश होणं वेगळं आणि ताळा जमणं वेगळं. मामांचा प्रश्न वाटतो तेवढा वेडगळ नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपातली भलीभली डोकी याच प्रश्नाने खाजवली गेली. फरक इतकाच, की त्यांना त्याबद्दल सर, लॉर्ड वगैरे करण्यात आलं आणि मामांना ‘पुढचे या’.

आधी मुद्दल पाहू. शंभर ग्रॅम भरेल असं एक दांडगं लिंबू जमिनीवरून उचलून मीटरभर उंच फळीवर ठेवलं, की साधारण एक ज्यूल खर्च होतो. एका युनिटात असे ३६ लाख ज्यूल असतात. म्हणजे स्लॅबप्रमाणे दहा-बारा रुपयांत आपल्याला ३६ लाख लिंबं उचलून फळीवर ठेवून मिळतात. एप्रिलमध्ये मंडईत एवढ्या पैशांत एक रसाळ लिंबू मिळालं तरी माणूस घरी येऊन कौतुकाने सांगतो. धडधाकट माणसाने सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाट्या टाकल्या, तरी त्याच्या अंगातून अर्ध्या-पाऊण युनिटापलीकडे काम निघत नाही. (मामांनी बँकेत टाकलेल्या पाट्या यात धरलेल्या नाहीत.) तेव्हा बिल महाग असतं ही तक्रार निदान लिंबांच्या हिशेबाने टिकत नाही. मामांनी हे ऐकलं, मान डोलावली आणि विचारलं, “ठीक. पण हे युनिट जमेला आलं कुठून?”

आपल्याकडची बरीचशी वीज कोळशाची, पण मामांचा जीव कोयनेवर. जुलै-ऑगस्टमध्ये पेपर आला की कोयनेत किती टीएमसी झालं ते आधी आणि एफडीचे नवे दर नंतर. म्हणून कोयनेचंच घेऊ. ही नदी महाबळेश्वराला उगम पावते, सरळ दक्षिणेला निघते, हेळवाकला पूर्वेकडे वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. तिथून पुढे कर्नाटक, तेलंगण, आंध्र करत बंगालचा उपसागर. असा सगळा रीतसर प्रवास ठरलेला असताना तिला देशमुखवाडीला धरण घालून अडवलं, शिवाजीसागरात सुमारे १०५ टीएमसी पाणी साठवलं आणि त्यातलं पुष्कळसं बोगद्यांतून उलट्या दिशेला, सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला नेऊन सोडलं. तिथून ते वाशिष्ठीत उतरतं आणि चिपळूणवरून अरबी समुद्रात. आंध्रचं तिकीट काढलेल्या प्रवाशाला भर वाटेत उठवून कोकणात उतरवायचं, असा हा कारभार. कारण एवढंच, की पूर्वेला उतार सावकाश आहे आणि पश्चिमेला पावणेपाचशे मीटरच्या आसपास खडा कडा. पाण्याला उंचीवरून पडण्याची जी संधी असते तिला स्थितिज ऊर्जा म्हणतात. पडताना तिची गतिज होते, टर्बाइनचं चाक फिरलं की यांत्रिक, जनित्रातून बाहेर पडली की विद्युत. चारही टप्पे आणि धरणाच्या पायथ्याचं केंद्र मिळून १,९६० मेगावॅट.

“पण पाणी मुळात एवढं उंच चढवलं कोणी?” मामांना सुरुवातीची शिल्लक हवी असते.

सूर्याने. आणि इथे जो हिशेब निघतो तो पाहून कुठलाही लेखापरीक्षक खुर्चीतून उठेल. एक लिटर पाण्याची वाफ करायला सूर्याचे सुमारे २,४५० किलोज्यूल जातात. तेच लिटर पावसातून धरणात पडलं आणि कड्यावरून पोफळीला उतरलं, की आपल्या हाती येतात साडेचार-पावणेपाच. सूर्याने पाचशे रुपये मोजले तेव्हा आपल्या पदरात एक.

“मधले ४९९ कुणी खाल्ले?”

“खाल्ले नाहीत मामा. वाफेचे ढग झाले तेव्हा ती उष्णता वरच्या हवेला मिळाली. वारे, वादळं, अख्खा मोसमी पाऊस त्याच पैशांवर चालतो.”

“म्हणजे आस्थापना खर्च,” मामा म्हणाले आणि त्यांनी तो मंजूर केला.

आता एवढा खटाटोप करून, समुद्राचं पाणी आभाळात नेऊन, सह्याद्रीवर ओतून, डोंगर पोखरून, चाकं फिरवून जी वीज आली तिचं आपण काय करतो? गिझर लावतो. पंधरा लिटरची एक बादली वीस अंशांनी तापवायची तर तसल्याच अठरा बादल्या पाणी पोफळीच्या कड्यावरून खाली यावं लागतं. हे वाटेत कुठे कवडीचीही गळती नाही असं धरून. टर्बाइन, ट्रान्सफॉर्मर, मैलोन्‌मैल तारा आणि शेवटी आमच्या इमारतीचं वायरिंग यांचा वाटा काढला तर वीस-बावीस. आमचे चिरंजीव शॉवरखाली गाणी म्हणत उभे राहतात तेव्हा पोफळीत काय हलकल्लोळ उडत असेल याची त्यांना कल्पना नाही. सांगून पाहिलं. त्यांनी दुसरं गाणं सुरू केलं.

यातली खरी गंमत अशी, की हे पाणी मधे चाक-बिक न लावता नुसतंच कड्यावरून खाली आपटलं असतं, तर ते स्वतःच तापलं असतं. फार नाही, अंशभर. पडण्याची सगळी मस्ती शेवटी ऊब होऊन पाण्यातच मुरते. हे ज्याने नीट मोजून दाखवलं तो जेम्स ज्यूल, मँचेस्टरजवळच्या सॅल्फर्डचा, बिअर गाळणाऱ्या श्रीमंत बापाचा मुलगा. घरचा धंदा तपमानावर चालणारा, त्यामुळे थर्मामीटर हातात घेऊनच वाढलेला. त्याने पाण्याच्या भांड्यात वल्ही बसवली, दोरीला वजन बांधून ते खाली सोडलं, वल्ही फिरली, पाणी घुसळलं आणि पाण्याचं तपमान किती चढलं ते मोजलं. पुन्हा वजन वर, पुन्हा खाली. तासन्‌तास. १८५० साली त्याने आकडा दिला तो असा: एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायचं, तर तेवढंच वजन ७७२ फूट खाली यायला हवं. आजच्या आकड्याच्या हे इतकं जवळ आहे की थक्क व्हावं.

१८४७ साली ज्यूलचं लग्न झालं आणि जोडपं आल्प्सच्या बाजूला मधुचंद्राला गेलं. तिथे शामोनीजवळच्या वाटेवर विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, त्याला भेटले. त्यांनी पुढे कित्येक वर्षांनी आठवण सांगितली, की ज्यूल हातात लांबलचक थर्मामीटर घेऊन चालला होता आणि वधू मागे गाडीत बसली होती. धबधब्याच्या माथ्यावरचं पाणी आणि पायथ्याचं पाणी यांच्या तपमानात फरक किती, हे त्याला मोजायचं होतं. थर्मामीटरच्या तपशिलावर इतिहासकार भुवया उंचावतात. मी उंचावत नाही. महाबळेश्वरला मधुचंद्राला जाऊन हॉटेलच्या बुफेत इडल्या किती उरल्या याची नोंद ठेवणारा माणूस मी जवळून पाहिला आहे, आणि त्याची बायको, म्हणजे आमची मामी, आजही त्याच्याबरोबर नांदते आहे. ज्यूलचा प्रयोग मात्र फसला. धबधब्याचं पाणी पायथ्याशी येईपर्यंत त्याचे इतके तुषार झाले की मोजायला धड पाणीच हाती लागेना.

मामीला यातलं काही सांगायला गेलं की ती म्हणते, मिक्सरमध्ये वाटलेली चटणी गरम होते हे मला ज्यूलने शिकवायला नको. खरंच नको. अठराव्या शतकाच्या अखेरीस रम्फर्ड नावाच्या गृहस्थाने म्युनिकच्या तोफखान्यात नेमकं हेच पाहिलं होतं. तोफेची नळी भोकसताना धातू भयंकर तापतो. त्याने ती पाण्याच्या पेटीत ठेवली, बोथट हत्याराने घासायला लावली, घोडे जुंपले आणि अडीच तासांत पाणी उकळलं. बघ्यांनी तोंडात बोटं घातली, कारण विस्तव कुठेच नव्हता. घोड्याने हरभरे खाल्ले असतील त्यांचंच ते उकळतं पाणी. मामीच्या मते रम्फर्डने तोफ दगडी पाट्यावर सावकाश घासली असती तर ती इतकी तापली नसती, आणि हे शास्त्राला धरूनच आहे.

स्वयंपाकघर हा ऊर्जेचा खरा चव्हाटा. १४.२ किलोच्या एका सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिटांइतकी ऊर्जा कोंडलेली असते, हे कळल्यापासून मामा सिलिंडर आणणाऱ्या मुलाशी अदबीने बोलतात. शेगडी पेटली, की त्या रासायनिक ऊर्जेची उष्णता होते, आणि तिच्यातला तिसरा हिस्सा भांड्याच्या कडेने वर निघून जातो, मामीच्या तोंडावर आणि तिथून तिच्या बोलण्यात. उरलेली कुकरच्या बुडातून आत शिरते. झाकण घट्ट असल्यामुळे वाफेचा दाब चढतो, पाणी शंभरऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं आणि तूरडाळीचा ताठा मोडतो. मग वाफ शिट्टीला उचलते. उष्णतेची गती झाली, गतीचा ध्वनी झाला. शिट्टीत गेलेली ऊर्जा अगदीच किरकोळ, पण कामाचा उरक बघा. अख्खं घर त्या आवाजावर चालतं. कोण अंघोळीला, कोण बसस्टॉपवर, ‘चौथी झाली का पाचवी?’ असा घरभर ओरडा, आणि मोजायला सांगितलेला माणूस नेमका पेपरात कोयनेचं टीएमसी बघत बसलेला.

खाल्लेल्या अन्नाचंही असंच. एक युनिट म्हणजे सुमारे ८६० कॅलरी, त्या डाएटच्या तक्त्यातल्या. मामा दिवसभरात दोन हजारांच्या वर कॅलरी रिचवतात, म्हणजे सव्वादोन-अडीच युनिट. चोवीस तासांत विभागले तर मामा म्हणजे साधारण शंभर वॅटचा दिवा. “उजेड पडत नाही एवढंच,” मामी म्हणाली.

हा जिव्हारी लागलेला शेरा पुसून काढायला मामा रविवारी सिंहगडावर निघाले, मला घेऊन. पायथ्यापासून माथा साधारण सहाशे मीटर धरा, मामांचं वजन सत्तर किलो. म्हणजे मामांना वर पोचवण्याचं निव्वळ काम चार लाख ज्यूलच्या थोडं पुढे. विजेच्या भाषेत अकरा शतांश युनिट. ही अख्खी चढण, मधे तीन ठिकाणी बसून दम खाण्यासह, सव्वा रुपयाची आहे हे मी त्यांना अर्ध्या वाटेवर सांगितलं. ते म्हणाले, “पाणी दे.”

पण शरीर हे यंत्र काही फार काटकसरी नव्हे. चढायला लागतात शंभर कॅलरी, शरीर जाळतं त्याच्या चौपट-पाचपट. बाकीची सगळी घाम आणि धाप. म्हणजे चारशे-पाचशे कॅलरी खर्ची पडल्या. माथ्यावर पोचताच मामांनी एक पिठलं-भाकरी, एक प्लेट कांदाभजी, मडक्यातलं दही, आणि ‘ती दुसऱ्या बाईची भजी जरा जास्त खमंग दिसतात’ म्हणून अर्धी प्लेट आणखी, अशी जमा बाजू भरून काढली. गड उतरण्यापूर्वीच खातं भक्कम शिलकीत होतं.

उतरताना मामांच्या डोक्यात वेगळाच किडा शिरला. “चढताना मी जी स्थितिज ऊर्जा कमावली ती आता परत मिळायला पाहिजे. मिळतेय कुठे?”

“गुडघ्यात, मामा.”

पाऊल खाली टाकताना मांडीचे स्नायू शरीराला आवरून धरतात, आणि तो सगळा आवर घालण्यात कमाई खलास होते. थोडी ऊब स्नायूंना, थोडी बुटाच्या तळव्याला, थोडी दगडाला. परत काहीच नाही. मुंबईची लोकल या बाबतीत मामांपेक्षा पुढे गेली आहे. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली, आणि पुढे कित्येक वर्षं लोकलने स्टेशनात शिरताना ब्रेक लावले की तिचा सगळा वेग चाकं आणि ब्रेक तापवण्यात जायचा. आताच्या थ्री-फेज गाड्यांत ब्रेक लावला की मोटर उलटं काम करते, तीच जनित्र होते आणि वीज वरच्या तारेत परत चढवते. दादरला थांबणाऱ्या गाडीच्या जिवावर दुसरी एखादी सुटते. मामा ऐकून हळहळले. माणसाच्या गुडघ्यात ही सोय करायला देवाला काय झालं होतं, असं त्यांचं म्हणणं. आत्ताच्या गुडघ्यातून त्यांना मिळालं ते फक्त लाल तेल चोळायला एक निमित्त.

तरीही मूळ प्रश्न तसाच राहिला. ३१२ युनिट नष्ट झाले नाहीत, मग गेले कुठे? मी त्यांना घरातल्या घरात फिरवून दाखवलं. पंखा घ्या. पंखा खोली गार करतो हा पिढ्यान्‌पिढ्यांचा गैरसमज आहे. तो घाम सुकवतो म्हणून आपल्याला गार वाटतं. पंचाहत्तर वॅटचा पंखा बंद खोलीत चालू ठेवला, तर हवा भिंतींना घासून घासून शेवटी ते सगळे पंचाहत्तर वॅट खोलीला ऊबच देतात. फ्रिज आतली उष्णता उपसून मागून बाहेर टाकतो आणि वर स्वतःची भर घालतो. उन्हाळ्यात फ्रिजचं दार उघडं टाकून स्वयंपाकघर गार करू पाहणारा मुलगा प्रत्येक घरात एकदा तरी जन्माला येतो, आणि स्वयंपाकघर तापतं ते वेगळंच, मार खातो तो वेगळाच. टीव्हीतलं चित्र आणि आवाज भिंतीत मुरून ऊब होतात. मोबाइलचा चार्जर ऊन, राउटर ऊन, इन्व्हर्टर ऊन. शेजारच्या मांजराला ऊर्जाशास्त्राचा हा भाग कोणी न शिकवता येतो. पावसाळ्यात ते आमच्याकडे येऊन सरळ सेट-टॉप बॉक्सवर चढतं. ३१२ युनिटांपैकी काही त्याच्या पोटाखाली आहेत, असं मी दाखवलं तेव्हा मामा वाकून बघायला लागले.

“म्हणजे सगळीची शेवटी उष्णताच होते?”

हो. आणि मामांच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे, अगदी बँकेच्या भाषेत. वीज म्हणजे पाचशेची कोरी करकरीत नोट. ती कुठेही चालते. दिवा लावा, पाणी चढवा, लोकल पळवा, फोनवर भांडा. वापरली की तिची चिल्लर होते. एकूण रक्कम पैशापैशाने तीच, ताळा चोख, पण ती चिल्लर अशी की घरभर कानाकोपऱ्यात सांडलेली, कोणी गोळा करायला बसावं तर हात न भरणारी. खोलीतल्या कोमट हवेत चहाचं आधण ठेवता येत नाही, भले त्या हवेत दहा चहांपुरती ऊर्जा असो. नियम सांगतो ती फक्त रकमेची गोष्ट. चिल्लर आपणहून पुन्हा नोट होत नाही, हा दुसरा नियम, आणि तो पोरांच्या पेपरात यायच्या आत बहुतेकांचं शिक्षण आटोपतं. वीज कंपनी आपल्याला ऊर्जा विकतच नाही, नोट विकते. नोट मोडली ती आपण.

“बँकेत चिल्लर घेऊन लोक आले की आम्ही मशीन बिघडलंय म्हणायचो,” मामा खिन्नपणे म्हणाले.

चिल्लरीची नोट करता येतच नाही असं नाही, पण बट्टा जबर बसतो. कोळशाच्या केंद्रात नेमकं हेच चालतं. चंद्रपूरच्या खाणीतला कोळसा म्हणजे २५ कोटी वर्षांपूर्वीच्या, त्याहूनही जुन्या झाडांनी पानात साठवलेलं ऊन. ते जाळायचं, वाफ करायची, चाक फिरवायचं. तीन पोती कोळसा टाकला की एका पोत्याच्या आसपास वीज मिळते आणि जवळजवळ दोन पोती ऊब होऊन धुराड्यातून आणि थंड करणाऱ्या मनोऱ्यांतून आभाळात. विदर्भातल्या मे महिन्याला याचीच तेवढी उणीव होती.

आणि काही ठिकाणी तर बट्टा कबूल करून व्यवहार करतात. भंडारदऱ्याच्या पलीकडे घाटघरला दोन धरणं आहेत, एक कड्यावर, एक कड्याखाली. विजेला मागणी नसेल तेव्हा वीज खर्चून खालचं पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. २५० मेगावॅट. या चढ-उतारात रुपयातले वीस-पंचवीस पैसे हमखास बुडतात. मामांना आधी हे सरकारी काम वाटलं. पण कोणालाच नको असलेल्या वेळची वीज आणि सगळ्यांना एकदम हवी असलेल्या वेळची वीज यांच्या किमतीत जो फरक आहे, तो कळल्यावर त्यांनी घाटघरला मनातल्या मनात एक सलाम ठोकला.

एवढं ज्ञान झाल्यावर माणूस घरात कसा बसेल? सोसायटीच्या वार्षिक सभेत गच्चीवर सोलर पॅनल बसवण्याचा विषय होता. मामांनी हात वर केला, उभे राहिले आणि चिल्लरीपासून सुरुवात केली. ऊन भर दुपारी चौरस मीटरमागे हजार वॅटच्या घरात पडतं, पॅनल त्यातलं वीसेक टक्के थेट वीज करतं, मधे ना कोळसा, ना धरण, ना बट्टा, वगैरे. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकू उठल्या.

“गच्चीवर म्हणजे नक्की कुठे?”

“अख्ख्या गच्चीवर.”

“आणि आमच्या कुरडया?”

त्यानंतर सभा अशी पेटली की सेक्रेटरींनी इतिवृत्त लिहिणं सोडलं. पापडाचा पक्ष, पॅनलचा पक्ष, शिवाय लोणच्याच्या बरण्यांचा एक छोटा पण कडवा गट. मला सवय लागलेली असल्यामुळे मी तेवढ्यात हिशेब केला. मोठ्याने ओरडणाऱ्या माणसाच्या आवाजातली ऊर्जा सेकंदाला ज्यूलच्या हजाराव्या भागाच्या आसपास. पन्नास सभासद एकाच वेळी, श्वासही न घेता, सारखे ओरडत राहिले आणि तो सगळा आवाज एका कपात कोंडता आला, तर एक कप चहाला उकळी यायला जवळपास अकरा दिवस लागतील. उलट हेच पन्नास जण तोंड मिटून नुसते खुर्च्यांवर बसले, तर प्रत्येकी शंभर वॅट अंगची ऊब देत असतात. ती गोळा करता आली तर तोच कप दहा सेकंदांत उकळेल. हे मी शेजारच्या सभासदांना सांगितलं. ते म्हणाले, “तुम्ही कुरडईवाले की पॅनलवाले ते आधी सांगा.”

काकूंचा मुद्दा शास्त्राने बिनतोड होता. “तुमचं पॅनल शंभरातलं वीसच घेतं म्हणता. माझी कुरडई पडेल ते सगळं ऊन घेते, आणि वर्षभर डब्यात टिकते. तुमची वीज टिकते का डब्यात?” मामांनी बॅटरीचं नाव काढलं. काकूंनी किंमत विचारली. मामांनी सांगितली. सभागृहात त्या दिवशी पहिल्यांदा शांतता पसरली.

मग पॅनल उंच खांबांवर बसवावं आणि खाली वाळवण घालावं अशी सूचना आली. पण पॅनलखाली ऊन कुठून येणार? कुरडया पॅनलवरच घालाव्यात असंही कुणी सुचवलं, तर मग विजेला ऊन कुठून येणार? शेवटी अध्यक्षांनी तोडगा काढला. पॅनल बसवायचेच, यात दुमत नाही. फक्त कुणाचंही नुकसान नको, म्हणून सगळ्यांची वाळवणं आटोपली, पापड-कुरडया डब्यांत गेल्या, बरण्या खाली उतरल्या, की मग गच्ची ताब्यात घ्यायची आणि पुन्हा वाळवणं सुरू व्हायच्या आत ती मोकळी करून द्यायची.

म्हणजे जून ते सप्टेंबर. ठराव टाळ्यांच्या गजरात एकमताने मंजूर झाला. मामा सूचक, काकू अनुमोदक.